क्लच कुणी जाळला? ॲव्हरेज, झीज आणि 'भागिले किती' हा प्रश्न

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास अडतो: "तुम्ही जे मोजणार आहात, तेच का मोजणार?" आपण काय मोजणार हे पाठ असतं, पण 'तेच का' याचं उत्तर नसतं. माझ्याकडेही नव्हतं. ते कळलं एका जळलेल्या क्लच प्लेटमुळे, आणि त्याआधी मी माझ्याच वडिलांवर एक चुकीचा निष्कर्ष लादून बसले होते. आजची पोस्ट त्याबद्दल.

माझा विषय घर्षण आणि झीज. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की काय होतं, याचा अभ्यास. म्हणजे क्लच या विषयावर मी तरी तोंड सांभाळून बोलायला हवं होतं.

झालं असं

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या बाजूला चढावर. अण्णा (माझे वडील) निवृत्त आहेत, आयुष्यभर एका पतसंस्थेत हिशेब बघितले. त्यांची पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक आहे. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात यवतेश्वरच्या घाटात गाडीने मान टाकली. कास बघायला आलेल्या गाड्यांची रांग लागलेली, अण्णा चढावर अडकलेले, आणि जळका वास. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवून प्लेट हातात दिली: घासून पार रिव्हेटपर्यंत आलेली. रीडिंग होतं ३४,००० किमी.

त्या गणपतीत घरी सगळे जमले होते. चुलत भावाची डिझेल गाडी ९५,००० किमी झाली तरी पहिल्याच क्लचवर. दादा म्हणाला, "काका, ३४,००० ला क्लच जातो म्हणजे पाय क्लचवर ठेवूनच चालवताय तुम्ही." मामा म्हणाले, "गाडीच चुकीची घेतली. माझी सीएनजी बघा, २४ चं ॲव्हरेज देते." आणि मी, घर्षणावर पीएचडी करणारी, सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, हाफ क्लच फार वापरता तुम्ही. तुमचीच सवय नडली."

अण्णा काही बोलले नाहीत. नवीन क्लच सेट बसवून आणला, गाडी लावली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवसापासून रिक्षाने जायला लागले. महिनाभर गाडी हलली नाही. आईने फोनवर सांगितलं तेव्हा मला कळलं.

आता तिघांचीही विधानं संशोधनाच्या भाषेत मांडून बघा. दादाचं विधान: ३४,००० आणि ९५,००० मधला फरक चालकामुळे आहे. मामांचं: ॲव्हरेजमधला फरक गाडीमुळे आहे. माझं: दादासारखंच, फक्त पदवीचा शिक्का मारलेलं. तिघांनीही दोन आकडे शेजारी ठेवले आणि त्यातल्या फरकाला आपल्याला आवडेल ते कारण चिकटवलं. शोधनिबंधात हेच केलं असतं तर परीक्षकाने पहिल्याच पानावर लाल पेन उचललं असतं.

आधी ॲव्हरेज: १४, २४ आणि २०

अण्णांची गाडी १४ देते, मामांची २४, दादाची २०. सरळ वाटतं ना? मामा पहिले, दादा दुसरा, अण्णा शेवटचे.

पण एककं बघा. अण्णांचे १४ किमी दर लिटर पेट्रोलला. दादाचे २० दर लिटर डिझेलला. मामांचे २४ दर *किलो* सीएनजीला. तीन वेगवेगळ्या गोष्टींनी भागलेले आकडे आपण एका रांगेत उभे केले.

गाडी लिटरवर चालत नाही, ऊर्जेवर चालते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६, कारण डिझेल जड असतं, त्याच लिटरमध्ये जास्त माल बसतो. एक किलो सीएनजीमध्ये साधारण ४८. म्हणजे एक किलो सीएनजी हे ऊर्जेच्या हिशेबात दीड लिटर पेट्रोल आहे.

आता सगळं पेट्रोलच्या लिटरवर आणू. मामा: २४ भागिले १.५, म्हणजे १६. दादा: २० भागिले १.१२, म्हणजे जवळपास १८. अण्णा: १४. अंतर होतं १४ ते २४, उरलं १४ ते १८. काही न करता, फक्त छेद सारखा केला.

याचा अर्थ सीएनजी स्वस्त पडत नाही असा अजिबात नाही. खिशाचा हिशेब वेगळा, तो रुपये प्रति किलोमीटरमध्येच करायचा. पण "माझ्या गाडीचं इंजिन तुमच्यापेक्षा भारी" हे विधान करायचं असेल तर छेद ऊर्जेचा हवा. प्रश्न बदलला की छेद बदलतो. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढे परत लागणार आहे.

उरलेला १४ ते १८ चा फरक? मामा मिरजेत सपाट रस्त्यावर चालवतात. दादा आठवड्याला पुणे-कोल्हापूर करतो, टॉप गिअरमध्ये, गरम इंजिनवर. अण्णा चढावरच्या घरातून निघतात आणि तीन किमीवर भाजी घेऊन परत येतात. इंजिन गरम व्हायच्या आत प्रवास संपतो, आणि थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं. तिघांच्या गाड्या वेगळ्या तसे रस्तेही वेगळे. गाडीचा परिणाम आणि रस्त्याचा परिणाम एकमेकांत मिसळलेत, फक्त या तीन आकड्यांवरून ते सोडवता येत नाहीत. यालाच आपण 'कन्फाउंडिंग' म्हणतो. व्याख्या पाठ करण्यापेक्षा ही तीन माणसं लक्षात ठेवा.

मग कंपनी सांगते तो आकडा?

अण्णांची तक्रार असायची की कंपनीने २० च्या वर सांगितलं आणि मिळतात १४. लोकांना ही फसवणूक वाटते. खरं म्हणजे तो आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, १९६६ सालची. प्रमाणित ॲव्हरेजची चाचणी गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेळापत्रकाने चालवून करतात. आपल्याकडे वापरात असलेल्या चक्रात ११८० सेकंदांत सुमारे १०.६ किमी 'चालवतात', सरासरी वेग ताशी ३२ किमीच्या आसपास, कमाल वेग ९०, एसी बंद. ना यवतेश्वर, ना खड्डे, ना मागच्या सीटवर बसलेली मामी.

मग उपयोग काय? उपयोग तुलनेचा. दोन गाड्या *त्याच* वेळापत्रकाने चालवल्या, तर त्यांच्यातला फरक गाडीचा, रस्त्याचा नाही. प्रयोगशाळा वास्तव सोडून देते आणि त्या बदल्यात नियंत्रण मिळवते. अण्णांच्या टाकीचा आकडा वास्तव पकडतो, पण नियंत्रण सोडतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये तुम्हालाही हा सौदा करावा लागणार आहे. कुठलाही केला तरी चालेल, पण कुठला केला ते लिहा.

टाकी ते टाकी, आणि सरासरीची गंमत

घरी मोजायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: टाकी फुल, रीडिंग लिहा, चालवा, परत फुल, किमी भागिले लिटर. यात चूक किती? पंपाचं पिस्तूल दर वेळी त्याच पातळीला थांबत नाही. सुरुवातीची आणि शेवटची चूक मिळून एक लिटर धरू. २० लिटरच्या एका फेरीत ती ५ टक्के झाली. म्हणजे १४ चं ॲव्हरेज १३.३ ते १४.७ मध्ये कुठेही असू शकतं. "अमुक पंपावर भरलं की अर्धा किमी जास्त पडतो" हा शोध इथेच गळून पडतो.

उपाय सोपा आहे. सलग दहा वेळा टाकी फुल करा आणि हिशेब पहिल्या ते शेवटच्या टाकीचा करा. मधल्या चुका आपोआप पुसल्या जातात, कारण एका फेरीत जास्त भरलेलं पेट्रोल पुढच्या फेरीत कमी लागतं. एकूण चूक एक लिटरच राहते, पण आता २०० लिटरवर. ५ टक्क्यांची अर्धा टक्का झाली. उपकरण तेच, रचना बदलली.

दुसरी गंमत. १०० किमी शहरात १२ च्या ॲव्हरेजने गेलात, १०० किमी हायवेला २० च्या. एकूण ॲव्हरेज किती? १६ म्हणालात तर चुकलात. लागलेलं पेट्रोल ८.३३ अधिक ५, म्हणजे १३.३३ लिटर. २०० भागिले १३.३३ म्हणजे १५. सारख्या अंतरांसाठी गुणोत्तरांची साधी सरासरी चालत नाही, हरात्मक मध्य घ्यावा लागतो.

याच कारणाने किमी प्रति लिटर डोळ्यांना फसवतं. एक मोठी गाडी १० ची १२ झाली, एक छोटी १८ ची २४ झाली. कुणामुळे जास्त पेट्रोल वाचलं? १,००० किमीवर पहिली १०० ऐवजी ८३ लिटर घेते, बचत १७. दुसरी ५६ ऐवजी ४२, बचत १४. दोन किमीची सुधारणा सहा किमीच्या सुधारणेला भारी पडली. लॅरिक आणि सोल या दोघांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हाच घोटाळा दाखवला होता, मैल प्रति गॅलनच्या संदर्भात. युरोपात लिटर प्रति १०० किमी वापरतात, तिथे हा घोटाळा होत नाही.

आता क्लच

क्लचचं काम साधं आहे. इंजिन फिरत असतं, चाकं थांबलेली असतात. दोघांना एकदम जोडलं तर इंजिन बंद पडेल. म्हणून फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घर्षणाचं अस्तर लावलेली प्लेट असते. पाय हळूहळू सोडला की ती आधी घसरते, मग पकडते. एकदा पूर्ण पकडली की घसरण शून्य, आणि झीज जवळपास शून्य.

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. दादा पुण्याहून निघून टॉप गिअरमध्ये तासभर जातो तेव्हा त्याच्या क्लचची झीज होतच नाही. क्लच *किलोमीटरने* झिजत नाही, *घसरण्याने* झिजतो. झिजेचा जो प्राथमिक नियम आर्चर्डच्या नावाने (१९५३) शिकवतात, तोही हेच सांगतो: झीज दाबाच्या आणि *घसरलेल्या* अंतराच्या प्रमाणात. गाडीने कापलेलं अंतर त्यात कुठेही नाही.

मग ३४,००० विरुद्ध ९५,००० हे काय होतं? चुकीच्या छेदाचे दोन आकडे. मामांच्या किलोला मी हसत होते, आणि तीच चूक मी अण्णांच्या बाबतीत केली होती.

घसरण्यात किती ऊर्जा उष्णता होते याचा अंदाज काढता येतो. सपाट रस्त्यावर इंजिनाचा वेग स्थिर ठेवून गाडी सोडली, तर क्लच पूर्ण पकडेपर्यंत गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते तितकीच क्लचमध्ये उष्णता होते. माणसांसकट गाडी १,२०० किलो धरा, पहिल्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमला वेग सेकंदाला २.९ मीटर धरा. उष्णता येते सुमारे ५ किलोज्यूल. हेच २,५०० आरपीएमला रेस करून सोडलं तर वेगाच्या वर्गाने वाढून १४ किलोज्यूल.

आता चढ. दहाला एक असा चढ, आणि ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी जागेवर धरली. गाडीला मागे ओढणारं बल सुमारे १,१८० न्यूटन. इंजिन १,५०० वर फिरतंय, गाडी स्थिर, म्हणजे इंजिन देत असलेली सगळी शक्ती क्लचमध्ये जळतेय: १,१८० गुणिले २.९, साधारण ३.४ किलोवॅट. घरातल्या गिझरपेक्षा जास्त, एका पातळ चकतीत! दहा सेकंद धरलं की ३४ किलोज्यूल. सपाट रस्त्यावर सात वेळा सुटण्याइतकी उष्णता, आणि गाडी एक इंचही पुढे गेलेली नाही.

मोजायला बसलो

दिवाळीत घरी गेले तेव्हा अण्णांना म्हणाले, "मला डेटा पाहिजे, दोन आठवडे गाडी चालवाल का?" नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "वही कोण लिहिणार?" मी म्हटलं, मी. खिळ्यावरची किल्ली उतरली.

मी शेजारी बसून फुल्या मारल्या. गाडी थांबलेल्या स्थितीतून क्लच सोडत सुटली की एक फुली. चढावर हाफ क्लचने धरली की वेगळी खूण आणि मोबाइलवर सेकंद. दोन आठवड्यांत १३१ किमी, २६८ खुणा. किलोमीटरला दोनाच्या थोड्या वर. दादाबरोबर एक पुणे-कोल्हापूर फेरी केली: ४६० किमी, ७४ खुणा. किलोमीटरला ०.१६.

मी लगेच गुणाकार केला. अण्णांचा क्लच ३४,००० किमीत सुमारे ७०,००० वेळा वापरला गेला, दादाचा ९५,००० किमीत १५,००० वेळा. साडेचार पट! मी खूश. अण्णांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "आणि पुण्याच्या खेपा गं?"

बरोबर. या दोन आठवड्यांत ते हायवेला गेलेच नव्हते, आणि मी दोन आठवड्यांचा दर सहा वर्षांना लावला होता. नमुना कशाचा प्रतिनिधी आहे हा प्रश्न माझ्या गाइडने विचारायच्या आधी वडिलांनी विचारला. त्यांच्या डायरीत प्रत्येक मोठ्या प्रवासाचं रीडिंग होतं. बेरीज केली तर साधारण पाव किलोमीटर हायवेचे निघाले. नवा हिशेब: २५,५०० किमी शहरी दराने, ८,५०० किमी हायवेच्या दराने, मिळून सुमारे ५३,६०० वेळा. दादाच्या साडेतीन पट.

म्हणजे 'लवकर मेलेला' क्लच खरं तर दादाच्या क्लचपेक्षा साडेतीन पट काम करून मेला होता.

पण अण्णा निर्दोष आहेत का?

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण वहीत दुसऱ्या खुणाही होत्या. २६८ पैकी ३१ वेळा अण्णांनी चढावर गाडी हाफ क्लचवर धरली होती, सरासरी ६ सेकंद. हिशेब: ३१ गुणिले ६ गुणिले ३.४, साधारण ६३० किलोज्यूल. उरलेल्या २३७ सुटण्यांचे प्रत्येकी ५ प्रमाणे जवळपास १,१९०. म्हणजे संख्येने १२ टक्के असलेल्या घटनांनी एक तृतीयांशाहून थोडी जास्त उष्णता दिली.

तेव्हा दादा आणि मी पूर्ण खोटं बोललो नव्हतो. सवयीचा वाटा होता. पण तो सगळा नव्हता, आणि किती होता हे न मोजता आम्ही 'तुमचीच सवय' म्हटलं होतं. 'कारण आहे' आणि 'हेच कारण आहे' या दोन विधानांमध्ये एका माणसाचं गाडी चालवणं बंद झालं होतं.

एक तृतीयांश हा आकडाही कच्चा आहे, हे मी अण्णांना सांगितलं. चढावर सुटताना ५ पेक्षा बरीच जास्त उष्णता होते, कारण क्लच घसरत असताना गुरुत्वाकर्षणाशीही झगडत असतो. मी सगळी सुटणी सपाट धरली. त्यामुळे धरण्याचा वाटा फुगला असेल. उलट बाजूने, सेकंदामागून सेकंद धरलं की अस्तर तापतं, आणि अस्तरातली राळ जास्त तापमानाला तग धरत नाही, म्हणजे तीच ऊर्जा जास्त झीज करते. त्यामुळे वाटा कमीही दिसत असेल. दोन चुका विरुद्ध दिशांना ओढतात. अशा वेळी आकडा द्यायचा, पण दोन्ही दिशा लिहायच्या.

या हिशेबातून काय म्हणता येत नाही

पहिलं: दादाचा क्लच अजून *गेलेला नाही*. त्यामुळे ९५,००० हे त्याचं आयुष्य नाही, आयुष्याची खालची मर्यादा आहे. वैद्यकीय अभ्यासात रुग्ण अजून हयात असताना अभ्यास संपतो, तसंच. जिवंत क्लचची मेलेल्या क्लचशी थेट तुलना करायची नाही.

दुसरं: ५३,६०० फुल्या म्हणजे ५३,६०० नमुने नव्हेत. चालक एक, गाडी एक, क्लच एक. नमुना एकच. हर्लबर्टने १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांबद्दल नेमकी हीच तक्रार केली होती: एकाच तळ्यातून शंभर बाटल्या भरल्या म्हणजे शंभर तळी होत नाहीत.

तिसरं: "त्या मॉडेलचे क्लच लवकर जातात" असं ऐकलं की विचारा, कुणाकडून ऐकलं? ज्याचा क्लच गेला तो बोलतो. ज्याचा नीट चाललाय तो चहा पिताना क्लचचा विषयच काढत नाही.

मग गाडी बदलायची का?

हा वाद त्या दिवाळीत परत झाला. दादा डिझेलवर अडून. आम्ही कागदावर मांडलं. धरा, पेट्रोल १०४ रुपये आणि त्याच रस्त्यावर १४ चं ॲव्हरेज, डिझेल ९२ आणि १८ चं. किलोमीटरला ७.४ विरुद्ध ५.१ रुपये. डिझेल गाडी दीड लाखाने महाग धरली तर फरक भरून यायला सुमारे ६५,००० किमी लागतात. दादाला पावणेतीन वर्षं. अण्णांना अकरा वर्षांहून जास्त. शिवाय बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गातली काजळीची जाळी साफ व्हायला अधूनमधून लांबचा प्रवास लागतो. भाजी आणायच्या तीन किमीत ती तुंबण्याचा धोका. गणित एकच, उत्तरं दोन, आणि दोन्ही बरोबर.

ताई म्हणाली, ऑटोमॅटिक घ्या, क्लचची कटकटच नको. इथेही सावध. स्वस्तातल्या एएमटी गाड्यांमध्ये पेडल नसतं, पण क्लच तोच असतो, फक्त पायाऐवजी यंत्र दाबतं. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर धरली तर तोही तसाच तापतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये मात्र घसरण तेलात होते, तिथे हे अस्तर घासायला नसतं. आणि इलेक्ट्रिक गाडीला असा क्लचच लागत नाही.

शेवटी अण्णांनी गाडी ठेवली. एकच बदल केला: चढावर थांबलं की हँडब्रेक ओढायचा, क्लच पकडायला लागला की सोडायचा. मी त्यांना सॉरी म्हणाले, सगळ्यांसमोर, कारण आरोपही सगळ्यांसमोर केला होता. ते म्हणाले, "वही ठेव जपून. पुढच्या क्लचला लागेल."

नव्या क्लचवर आता १०,००० च्या वर किमी झालेत आणि तो ठीक आहे. हँडब्रेकमुळे का? सांगता येत नाही. अजून ३४,००० यायचे आहेत, आणि आले तरी नमुना एकच.

तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या विषयात जो आकडा सगळे सहज वापरतात तो घ्या: प्रति किलोमीटर, प्रति हेक्टर, प्रति विद्यार्थी, प्रति रुग्ण. मग स्वतःला विचारा, मला जो परिणाम अभ्यासायचाय तो खरोखर या छेदाने घडतो का? की क्लचसारखा दुसऱ्याच कशाने झिजतो? एक पान लिहा. मुलाखतीत "तेच का मोजणार?" असं विचारलं की ते पान आठवा.

आणि घरात कुणाच्या सवयीवर बोट ठेवायच्या आधी दोन आठवडे शेजारी बसून फुल्या मारा.